स्वयंसंसर्ग आणि कृष्णाकाठची वैद्यकपरंपरा

परजीवी किंवा रोगजंतू बाहेरून नव्याने न येता रुग्णाच्याच शरीरातून पुन्हा त्याच्याच शरीरात शिरतो आणि रोग चालू ठेवतो, तेव्हा त्या प्रकाराला वैद्यकात स्वयंसंसर्ग, दवाखान्यातल्या बोलीत 'ऑटोइन्फेक्शन', असे म्हणतात. दूषित पाण्यामुळे दुसऱ्यांदा आजारी पडणे हा पुनःसंसर्ग, आणि औषधाने दबलेला जंतू पुन्हा डोके वर काढतो तो रोगाचा पुनरुद्भव. स्वयंसंसर्ग या दोहोंहून निराळा आहे, कारण येथे रोग देणारा आणि घेणारा एकच असतो.

याचे सर्वांत परिचित उदाहरण लहान मुलांना होणाऱ्या सुतासारख्या बारीक, पांढऱ्या जंतांचे आहे. मूल झोपले, की मादी गुदद्वाराबाहेर येऊन तेथील त्वचेवर सुमारे दहा हजार अंडी घालते. त्यामुळे खाज सुटते, मूल झोपेतच खाजवते, अंडी नखांत अडकतात आणि बोट तोंडात गेले की पोटात पोहोचतात. ही अंडी चार ते सहा तासांत संसर्गक्षम होत असल्यामुळे रात्रीची खाज सकाळच्या न्याहारीपर्यंत नवा संसर्ग घडवू शकते. विष्ठेच्या तपासणीत ती सहसा सापडत नाहीत. म्हणून सकाळी आंघोळीपूर्वी त्या जागी पारदर्शक चिकटपट्टी लावून ती सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात.

कृमींचा विचार या भूमीला नवा नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानात कृमींचे वीस प्रकार सांगून उपचाराचे तीन भाग केले आहेत : कृमी बाहेर काढणे म्हणजे अपकर्षण, त्यांना पोसणारी शरीरस्थिती मोडणे म्हणजे प्रकृतिविघात, आणि कारणच टाळणे म्हणजे निदानपरिवर्जन. घरोघरी वावडिंग देण्याची जी रीत टिकून राहिली, ती पहिल्या दोन भागांशी जुळते. स्वयंसंसर्ग तोडण्यासाठी मात्र तिसराच भाग निर्णायक आहे, आणि नेमकी त्याचीच आठवण पुसट झाली, ही खेदाची गोष्ट होय.

आधुनिक वैद्यक कृष्णाकाठी रुजले ते प्रामुख्याने मिरजेत. विल्यम वानलेस यांनी 1894 मध्ये तेथे मिशन रुग्णालय उभे केले आणि 1897 मध्ये वैद्यकीय शिक्षणाला आरंभ केला. पुढे 1962 मध्ये मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले. या शिक्षणाची भाषा इंग्रजी, तर रुग्णांची मराठी. ही दरी बुजवण्याचे काम त्याच कृष्णेच्या वरच्या काठावर, वाईला, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली मराठी विश्वकोशाने हाती घेतले. ज्ञानविषयांचे खंड निघण्याआधी 1973 मध्ये परिभाषा संग्रह प्रसिद्ध झाला आणि पहिला खंड 1976 मध्ये आला. आधी संज्ञा निश्चित करायच्या आणि मग लेखन करायचे, हा त्यांचा क्रम शास्त्राच्या दृष्टीने अगदी योग्य होता. तरीही अशा संज्ञा बहुधा ग्रंथांतच राहिल्या; तपासणीच्या खोलीत आजही 'जंत पुन्हा झाले' एवढेच म्हटले जाते, आणि ते कोठून आले हा प्रश्न अनुत्तरित राहतो.

संज्ञा काटेकोरपणे का वापरावी, हे नारू या कृमिरोगावरून कळते. नारूचा रुग्ण पायऱ्यांच्या विहिरीत उतरला, की पायाच्या फोडातून अळ्या पाण्यात पडत, सायक्लॉप्स हा सूक्ष्म जीव त्या गिळे, आणि ते पाणी पिणाऱ्याला सुमारे वर्षभराने नारू होई. त्या पिणाऱ्यांत मूळ रुग्ण असला, तरी मधे पाणी आणि सायक्लॉप्स येत असल्याने याला स्वयंसंसर्ग म्हणता येत नाही. उपायही त्यामुळेच निराळे ठरले : पाणी गाळणे, विहिरीत उतरणे बंद करणे, हातपंप बसवणे. भारतातला शेवटचा रुग्ण 1996 मध्ये राजस्थानात आढळला आणि 2000 मध्ये देश नारूमुक्त ठरला. मुलांच्या सुतासारख्या जंतांच्या बाबतीत मात्र विहीर सुधारून भागत नाही. नखे कापणे, सकाळी आंघोळ घालणे, चादरी व अंतर्वस्त्रे गरम पाण्यात धुणे, घरातल्या सर्वांना एकाच वेळी औषध देणे आणि दोन आठवड्यांनी दुसरी मात्रा देणे, हे सगळे एकत्र करावे लागते.

स्वयंसंसर्गाचे सर्वांत गंभीर रूप स्ट्राँगिलॉइडिस या कृमीत दिसते. त्याच्या काही अळ्या शरीराबाहेर न पडताच आतड्यातून किंवा गुदद्वाराजवळच्या त्वचेतून रक्तात शिरतात, त्यामुळे एकदा झालेला संसर्ग दशकानुदशके चालू राहू शकतो. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेश-सयाम रेल्वेवर राबलेल्या ब्रिटिश युद्धकैद्यांत तो तीस वर्षांनंतरही आढळला. अनवाणी शेतात काम करताना हा कृमी लागलेल्या वृद्धाला दमा किंवा संधिवातासाठी स्टिरॉइड सुरू झाले, तर आजवर दबून असलेल्या या अळ्या बेसुमार वाढून फुप्फुसांपर्यंत पसरू शकतात, आणि तसे झाल्यास प्राणावर बेतते. म्हणून अशा रुग्णाला ते औषध देण्यापूर्वी, शेवटचे अनवाणी काम कितीही वर्षांपूर्वी झालेले असो, या कृमीची तपासणी करून घेणे आवश्यक ठरते.