लेदरच्या पर्सवरचं प्रिंट कोणाच्या मालकीचं? ५० नगांचा नियम काय सांगतो

समजा, यवतमाळ जिल्ह्यातल्या नेरच्या एका टेक्स्टाइल डिझायनरने कपाशीच्या बोंडांची नक्षी काढली. ती लेदरवर छापून धारावीतल्या कारागिराकडून शंभर पर्स शिवून घेतल्या. फोटो इन्स्टाग्रामवर टाकले, माल हातोहात खपला. सहा महिन्यांनी तेच प्रिंट दुसऱ्याच ब्रँडच्या पर्सवर दिसलं, तर?

‘कॉपीराइट आहे ना!’ असं बहुतेकांना वाटतं. इथेच घोळ होतो.

चित्र काढल्याबरोबर त्यावर कॉपीराइट मिळतो. नोंदणीची सक्ती नाही. चित्रकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं तो टिकतो. पण तीच नक्षी पर्स, साडी किंवा उशीच्या अभ्र्यावर छापून विकायला लागलात की कायदा तिच्याकडे ‘डिझाइन’ म्हणून बघतो. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १५ नुसार, नोंदणी होऊ शकणारं डिझाइन नोंदवलेलं नसेल आणि त्याच्या वस्तू औद्योगिक पद्धतीने ५० पेक्षा जास्त वेळा तयार झाल्या, तर त्या डिझाइनवरचा कॉपीराइट संपतो. थोडक्यात, ५१ वी पर्स महागात पडते! यात मालकाने स्वतः किंवा त्याच्या परवानगीने बनवलेला मालच मोजतात. नक्कल करणाऱ्याचा नाही. मूळ चित्रावरचा हक्क मात्र चित्र म्हणून शाबूत राहतो.

हा फटका नवख्यांनाच बसतो असं नाही. ब्लॉक प्रिंटसाठी नावाजलेल्या रितू कुमार यांच्या ‘रितिका’ कंपनीने ‘बिबा’विरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दावा केला होता. मार्च २०१६ च्या निकालात तो याच कलमामुळे टिकला नाही. प्रिंट खरंच उचललं होतं का, हा प्रश्न मागेच राहिला.

मग उपाय काय? डिझाइन कायदा, २००० खाली नोंदणी. अर्ज ऑनलाइन करता येतो आणि व्यक्तीसाठी त्याची फी १,००० रुपये आहे. संरक्षण १० वर्षांचं, पुढे ५ वर्षं वाढवता येतं. नोंदणी वस्तूंच्या वर्गानुसार होते. कापड वर्ग ५ मध्ये येतं, पर्स आणि बॅगा वर्ग ३ मध्ये. म्हणून फक्त कापडासाठी नोंदवलेलं प्रिंट पर्सवर आपोआप सुरक्षित होत नाही.

सोशल मीडियावाल्यांसाठी मोठी मेख पुढेच आहे. अर्जाच्या वेळी डिझाइन नवं असावं लागतं, आधी कुठेही प्रसिद्ध झालेलं चालत नाही. म्हणजे आधी अर्ज, मग रील. ‘लवकरच येतंय’ म्हणून टाकलेला फोटोसुद्धा अडचणीचा ठरू शकतो.

नोंदवलेल्या डिझाइनची नक्कल झाली तर मालकाला कोर्टातून मनाई आणि नुकसानभरपाई मागता येते. पोस्ट आधीच टाकून झाली असेल, तर नग ५० च्या आत ठेवणं हा एक मार्ग उरतो.