नाताळ, वर्षअखेर आणि वसईचा तह

डिसेंबरचा शेवटचा आठवडा आला, की आमच्या धर्मग्रामांतून दोन प्रकारची लगबग सुरू होते. एकीकडे गव्हाणी सजतात, दारोदारी चांदणीचे कंदील लागतात, मध्यरात्रीच्या मिस्सेची गायने घोटली जातात. दुसरीकडे वर्षाचा हिशेब मिटविण्याची घाई असते. नाताळच्या आनंदाला हिशेबाची ही किनार का असावी, असा प्रश्न आम्हांस अनेक वर्षे पडत आला. त्याचे उत्तर इतिहासाच्या वहीत आहे, आणि त्या वहीचे एक पान आपल्या वसईचे आहे.

वसईचा तह हे नाव आपण शाळेपासून ऐकतो. गुजरातचा सुलतान बहादुरशाह हुमायूनच्या स्वारीच्या भीतीने जेरीस आला होता. १५३३ मध्ये पोर्तुगिजांनी वसईवर हल्ला करून आपले बळ त्याला दाखविलेही होते. समुद्रावरचा हा शत्रू निदान मित्र तरी व्हावा, म्हणून त्याने वसई, तिच्याखालचा मुलूख आणि बेटे गव्हर्नर नुनो द कुन्या यांना दिली. त्यांत साष्टी आली आणि मुंबईही आली. ‘सांव मातेउश’ नावाच्या गलबतावर हा तह झाला. तारीख होती २३ डिसेंबर १५३४.

ही तारीख आपण वाचतो आणि पुढे जातो. नाताळ दोन दिवसांवर होता, एवढे एखाद्याच्या ध्यानात येते. परंतु त्या गलबतावरील लोकांच्या दृष्टीने दोन दिवसांवर केवळ नाताळ नव्हता, नवे वर्षच होते. पोर्तुगालमध्ये १४२२ पर्यंत ‘सीझरचा शक’ चालत असे आणि तो ख्रिस्ती सनाच्या ३८ वर्षे पुढे होता. त्या वर्षी राजा पहिला जुआंव याने तो बंद करून प्रभू येशूच्या जन्मापासूनची गणना सुरू केली. जन्मापासून गणना, तर वर्षाचा आरंभही जन्मदिनीच! म्हणून पोर्तुगीज दप्तरात नवे वर्ष २५ डिसेंबरला उजाडे. १ जानेवारी हा वर्षारंभ तेथे रूढ झाला तो सोळाव्या शतकाच्या मध्यावर.

याचा अर्थ असा, की त्या गणनेप्रमाणे वसईचा तह हा १५३४ या वर्षाच्या अगदी अखेरच्या कामांपैकी एक होता. मधला एक दिवस गेला, आणि नाताळच्या घंटेबरोबर १५३५ लागले. त्या काळातील एखाद्या पोर्तुगीज कागदावर २८ डिसेंबर १५३५ अशी तारीख असेल, तर आजच्या गणनेने तो दिवस २८ डिसेंबर १५३४ असू शकतो. अभ्यासक सावध नसेल, तर आठवड्याभराचे अंतर सबंध वर्षाचे होते. आपल्या मुलखाचे दान एका राजाने जुन्या वर्षात दिले आणि घेणाऱ्याने ते नव्या वर्षात वहीला लावले. ज्यांची भातशेते, मिठागरे आणि होड्या त्या कागदावर चढल्या, त्यांना मात्र कोणी विचारले नव्हते. त्यांच्या पंचांगात त्या दिवशी वर्षही संपत नव्हते आणि काही सुरूही होत नव्हते.

पुढे पंचांगच बदलले. जुन्या ज्युलियन गणनेत दर चार वर्षांनी एक दिवस वाढविला जाई. तो किंचित अधिक असल्याने शतकानुशतके चूक साठत गेली, आणि वसंतसंपातावर अवलंबून असणारा पुनरुत्थानाचा सण ऋतूपासून ढळू लागला. पोप तेरावे ग्रेगरी यांनी २४ फेब्रुवारी १५८२ च्या आज्ञापत्राने ही चूक दुरुस्त केली. आराखडा लिलिउस या वैद्याचा होता. तो तडीस नेण्यात येशूसंघीय गणिती क्लाविउस यांचा मोठा वाटा होता. स्पेन आणि पोर्तुगाल येथे ४ ऑक्टोबरच्या गुरुवारनंतर एकदम १५ ऑक्टोबरचा शुक्रवार आला. अविलाची संत तेरेजा नेमकी त्याच रात्री निवर्तली. तिचा सण आपण १५ ऑक्टोबरला पाळतो, त्याचे मूळ या नव्या गणनेत आहे. ‘ख्रिस्तपुराण’कार फादर स्टीफन्स त्या वेळी गोव्यात होते. त्यांनी नवे पंचांग स्वीकारले, परंतु त्यांच्या मायदेशाने, इंग्लंडने, ते पोपचे म्हणून दूर ठेवले.

या दुराव्याची गंमत आपल्याच किनाऱ्यावर पाहावयास मिळाली. १६६५ मध्ये मुंबई इंग्रजांच्या हाती गेली; साष्टी आणि वसई पोर्तुगिजांकडेच राहिली. माहीमच्या खाडीच्या एका काठाला वांद्रे, दुसऱ्या काठाला माहीम. अंतर होडीच्या एका खेपेचे. तरी वांद्र्याच्या देवळात नाताळची मिस्सा होई, तेव्हा माहीमच्या इंग्रज कारकुनाच्या वहीत १५ डिसेंबर असे. १७०० नंतर तर १४. इंग्रजांचा नाताळ उजाडेपर्यंत वांद्र्यात तीन राजांच्या सणाची तयारी चाललेली असे. त्यांचे कायदेशीर वर्ष तर २५ मार्चला सुरू होई. माहीमचे कॅथलिक या दोहोंच्या मध्ये होते. त्यांची उपासना देवळाच्या तारखेने चाले आणि सारा सरकारच्या तारखेने भरला जाई. हा घोळ मिटला तो १७५२ मध्ये, इंग्लंडने नवे पंचांग पत्करल्यावर.

तोवर वसईने आणखी एक वर्ष पाहिले होते. चिमाजी आप्पांच्या वेढ्यापुढे किल्ला शरण आला, ती पोर्तुगीज तारीख १६ मे १७३९. मुंबईकर इंग्रजांच्या लेखी तो ५ मे होता. मराठ्यांच्या दप्तरात सुहूर सन ११३९ चालू होते, आणि ते वर्ष काही आठवड्यांतच, सूर्य मृगात जाताच, संपणार होते. एकच दिवस, त्याच्या तीन तारखा. २३ मे रोजी पोर्तुगीज वसई सोडून निघाले. मागे राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांना धर्माचरणाची मोकळीक देणारे कलम तहात होते; त्या मोकळिकीत राहिलेल्यांचे आम्ही वंशज.

आम्हांस यातील सुहूर सनाचा विचार विशेष हृद्य वाटतो. ज्या दप्तराने पोर्तुगिजांचे राज्य बुडाल्याची नोंद केली, त्याचे वर्ष पेरणीच्या नक्षत्राबरोबर सुरू होत होते. आणि आमचा ख्रिस्ती शेतकरीही मृगाचीच वाट पाहत असे. त्याने नाताळ देवळाच्या तारखेने केला, पेरणी नक्षत्राने केली, आणि देणीघेणी ज्याचे राज्य त्याच्या सनाने भागविली. तीन पंचांगे एकाच घरात नांदत होती आणि त्यांत भांडण नव्हते. ‘तुम्ही नेमके कोणाचे?’ असा प्रश्न आजही आपल्याला अधूनमधून विचारला जातो. त्याचे शांत उत्तर या साध्या रिवाजात आहे, असे आम्हांस वाटते.

ख्रिस्तसभेच्या उपासनेचे वर्ष तर याहून निराळे. ते ख्रिस्तराजाच्या सणानंतरच्या आठवड्यात संपते आणि आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी प्रतीक्षेने सुरू होते. म्हणजे जग जुने वर्ष आवरते, तेव्हा उपासक नव्या वर्षात चार-पाच आठवडे आलेला असतो. ३१ डिसेंबरला वांद्र्यात आणि गोव्यात चिंध्या-पेंढ्याचा म्हातारा जाळून मुले सरत्या वर्षाला निरोप देतात; देवळात त्याच रात्री उपकारस्तुती होते. जाळणे आणि आभार मानणे, दोन्ही वर्षअखेरीचेच विधी. मात्र समाजाने आपला भूतकाळ म्हाताऱ्यासारखा जाळून चालत नाही.

२३ डिसेंबर २०३४ रोजी वसईच्या तहाला पाचशे वर्षे पूर्ण होतील. त्या दिवशी कोणी उत्सवाची भाषा करील, कोणी धिक्काराची. आम्हांस दोन्ही अपुरी वाटतात. ज्या तहात आमच्या पूर्वजांना विचारले गेले नाही त्याचा उत्सव कसा करावा? आणि त्याच वाटेने जी श्रद्धा घरात आली, आमची म्हणून रुजली आणि परकी सत्ता गेल्यावरही टिकली, तिचा धिक्कार तरी कसा करावा? उरतो तो हिशेब, आणि हिशेबाला कागद लागतात. बाप्तिस्म्याच्या नि लग्नाच्या जुन्या नोंदवह्या, माळ्यावरच्या पेटीतील खरेदीखते, आजीच्या तोंडची लग्नगीते हेच ते कागद. दर पावसाळ्यात त्यांतले काही वाळवी खाते आणि दर वर्षी एखादी आजी आपली गाणी बरोबर घेऊन जाते.

या नाताळात घर झाडताना एखादी जुनी वही हाती आली, तर ती रद्दीत टाकण्यापूर्वी तिच्यावरची तारीख तेवढी वाचावी. ती कोणत्या सनातली आहे, हे कळायला थोडा वेळ लागेल. तो वेळ वर्षअखेरीला आपण काढावा, एवढीच आमची विनंती.