७. फत्तेहाबाद
बीड जिल्ह्यातील धारूरचा किल्ला. गावाला आजही ‘किल्ले धारूर’ म्हणतात. बालाघाटाच्या सोंडेवरचा हा कोट आदिलशाही सरदार किश्वरखानाने १५६७च्या सुमारास बांधला. लवकरच तो निजामशाहीकडे गेला. १६३१ साली मोगल सरदार आझमखानाने तो जिंकला. फत्तेहाबाद हे त्याचे मोगली नाव. तीन अंगांना खोल दऱ्या, उरलेल्या अंगाला खंदक व तटबुरूज; म्हणून लेखकाची वाट गावाकडूनच वर चढते. दक्षिणी सत्तांची चढाओढ इतकी उघड दाखवणारी जागा मराठवाड्यात विरळाच. अंबाजोगाईला योगेश्वरीच्या दर्शनाला निघालेल्यांनी ती चुकवू नये. पुढील प्रकरणात धारूर व फत्तेहाबाद अशी दोन्ही नावे येतात. ठिकाण एकच समजावे. – संपा.