दूर्वा, ज्वारी आणि ॲग्नेस चेस

जुलैच्या उकाड्यात अमेरिकेतलं एखादं लॉन नीट बघा. केंटकी ब्लूग्रास सुकून पिवळं पडलेलं असतं आणि मधेच बर्म्युडा ग्रास हिरवंगार. लॉनवाले ते तण म्हणून उपटतात. आपण त्यालाच हराळी, दूर्वा म्हणतो आणि गणपतीला वाहतो.

गवतांच्या कुळात दोन मोठ्या शाखा आहेत. ब्लूग्रास, गहू, तांदूळ, बांबू एकीत. हराळी, ज्वारी, बाजरी, मका, ऊस दुसरीत. दुसरीचं नाव 'पॅकमॅड', सहा उपकुळांच्या आद्याक्षरांवरून. (हो, नाव विनोदीच आहे.) कार्बन डायऑक्साइड आधी पकडून पानाच्या आतल्या पेशींत दाटीनं पोचवायची सी-फोर ही युक्ती गवतांमध्ये फक्त याच शाखेत सापडते, आणि तीही वीसहून जास्त वेळा स्वतंत्रपणे घडलेली. म्हणून ज्वारी कमी पाण्यात, कडक उन्हातही तग धरते.

ही शाखा डीएनएमुळे पक्की झाली, पण गवतं लावायचं काम त्याआधी डोळ्यांनी आणि भिंगानं चालायचं. रॉबर्ट ब्राऊननं 1814 मध्ये कणसातल्या बारीक फुलोऱ्यांची रचना पाहून गवतांचे दोन गट केले होते. अमेरिकेत हे काम पुढे नेलं ते ॲग्नेस चेस यांनी. जन्म 1869, कॉलेजचं शिक्षण नाही. 1903 मध्ये वॉशिंग्टनला कृषी खात्यात त्या चित्रकार म्हणून लागल्या, मग अल्बर्ट हिचकॉक यांच्या सहकारी झाल्या. पनामाच्या मोहिमेत बाई नको म्हणून त्यांना नेलं नाही. स्त्रियांच्या मताधिकारासाठी आंदोलन केलं म्हणून तुरुंगातही गेल्या. ब्राझीलमध्ये मात्र पुढे स्वतः जाऊन गवतं गोळा केली.

1910 मध्ये दोघांनी उत्तर अमेरिकेतल्या 'पॅनिकम' प्रजातीवर ग्रंथ लिहिला. आपली वरी याच प्रजातीतली. पण पॅनिकम म्हणजे तेव्हा अडगळीची खोलीच होती: जे कुठे बसेना, ते तिथे. त्यातली काही गवतं थंडीत जमिनीलगत पानांचा गुच्छ धरतात, हे बघून त्यांनी डायकॅन्थेलियम असा उपगट वेगळा काढला.

चेस 1963 मध्ये गेल्या, म्हणजे चौऱ्याण्णवाव्या वर्षी. निवृत्तीनंतरही कामावर येतच होत्या. 1974 मध्ये फ्रँक गूल्ड यांनी त्या उपगटाला स्वतंत्र प्रजातीचा दर्जा दिला. नंतर डीएनएच्या अभ्यासातही तो पॅनिकमपासून वेगळाच निघाला. पूर्ण शास्त्रीय नावात कंसात आजही हिचकॉक आणि चेस असतात, गूल्ड त्यांच्यानंतर.