दोन मतांमधली दोन मिनिटं

भरल्या वर्गात ‘कळलं का?’ असं विचारलं की काय होतं, हे शिकवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. पुढच्या बाकांवरची चार डोकी हलतात, बाकीची वहीत खुपसली जातात आणि तास पुढे सरकतो. त्या वहीत खुपसलेल्या डोक्यांत काय चाललंय ते समजावं, यासाठी अमेरिकी विद्यापीठांच्या अवाढव्य वर्गांत क्लिकर आला. पंजात मावणारं, पाच-सहा बटणांचं हे यंत्र. शिक्षक पडद्यावर पर्यायी प्रश्न टाकतो, प्रत्येक जण आपलं बटण दाबतो, आणि कोणाचंही नाव न फुटता अख्ख्या वर्गाचा कौल आलेखात दिसतो.

उत्तर देण्यासाठी कळ दाबायची, ही कल्पना बरीच जुनी. ओहायो स्टेट विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ सिडनी प्रेसी यांनी १९२०च्या दशकात चार कळांचं एक यंत्र बनवलं होतं. खिडकीत प्रश्न दिसे, आणि बरोबर कळ दाबेपर्यंत पुढचा प्रश्न येत नसे. पण त्यापुढे एकट्यानं बसायचं. सबंध वर्गच तारांनी जोडायची यंत्रणा १९६६मध्ये स्टॅनफर्डला आणि १९६८मध्ये कॉर्नेलला बसली.

ती मुलांना आवडली. गुणांत मात्र काही फरक पडेना. त्या काळच्या बहुतेक पाहण्यांचा निष्कर्ष हाच होता, आणि मला तो अजिबात आश्चर्याचा वाटत नाही. प्रश्न आला, बटण दाबलं, चूक की बरोबर ते कळलं, पुढे चला; एवढ्यानं शिकणं होतं अशी तेव्हाची समजूत होती. यंत्र मतं मोजत होतं, मुलं मात्र होती तिथेच होती. कॉर्नेलचे भौतिकशास्त्रज्ञ राफाएल लिटावर यांनी १९७२मध्ये एक गोष्ट नोंदवली: बटण दाबण्याआधी मुलं आपापसांत वाद घालतात. या सगळ्या इतिहासात मला ही नोंद सर्वांत मोलाची वाटते. पण पुढची कितीतरी वर्षं तिच्याकडे फारसं कुणी वळून पाहिलं नाही.

पाहिलं ते हार्वर्डच्या एरिक मझूर यांनी, तेही क्लिकर हाती नसताना. ते उत्तम शिकवत, मुलं अवघड गणितं सोडवत. १९९०च्या सुमारास त्यांनी वर्गाला साध्या शब्दांतली चाचणी दिली. जड ट्रक हलक्या मोटारीवर आदळला, तर जास्त बल कोण कोणावर लावतं? न्यूटनचा तिसरा नियम सगळ्यांना तोंडपाठ होता. तरी कित्येकांनी ट्रकलाच झुकतं माप दिलं. वर्गातून तर विचारणा झाली, की उत्तरं तुम्ही शिकवलंत तशी लिहायची, की आम्ही एरवी विचार करतो तशी?

मझूर यांनी फळ्यावर पुन्हा समजावलं. चेहरे कोरेच. शेवटी हतबल होऊन ते म्हणाले, आपापसांत बोला. वर्गात एकच गलका झाला, आणि दोनेक मिनिटांत मुलांनी उत्तर काढलं. ज्याला आत्ताच उमगलंय त्याला शेजाऱ्याची अडचण नेमकी कुठे आहे ते दिसतं. प्राध्यापक ती अडचण केव्हाच विसरलेला असतो.

१९९१पासून मझूर यांनी याचीच पद्धत बनवली. आधी एकट्यानं मत द्यायचं. साधारण ३० ते ७० टक्के उत्तरं बरोबर आली, की शेजाऱ्याशी चर्चा, मग पुन्हा मत. सुरुवातीला हात वर करून किंवा पुठ्ठ्याची कार्डं दाखवून हे चाले. मग तारांनी जोडलेली ‘क्लासटॉक’ यंत्रणा आली, त्यानंतर इन्फ्रारेड रिमोट. भिंतीवरच्या रिसीव्हरकडे नेम धरून ते दाबावे लागत, आणि सगळ्यांनी एकदम दाबले की संदेश एकमेकांत अडकत. रेडिओलहरींनी ही कटकट संपवली. इलिनॉय विद्यापीठातल्या भौतिकशास्त्रज्ञांनी घडवलेला ‘आयक्लिकर’ याच टप्प्यावरचा. आता त्याची जागा बऱ्याच ठिकाणी मोबाइलनं घेतली आहे. पवईच्या आयआयटीत तयार झालेलं ‘सेफ’ अ‍ॅप विद्यार्थ्याच्या स्वतःच्या फोनवरच चाचणी घेतं.

एक शंका मात्र रास्त होती: चर्चेनंतर उत्तरं सुधारतात, ती हुशार शेजाऱ्याचं बघून तर नव्हे? कोलोरॅडो विद्यापीठात अनुवंशशास्त्राच्या वर्गावर ती तपासली गेली आणि २००९मध्ये ‘सायन्स’मध्ये निष्कर्ष छापून आला. चर्चेनंतर त्याच संकल्पनेवरचा दुसरा प्रश्न एकेकट्यानं सोडवायला दिला, तेव्हाही मुलं सुधारलेली दिसली. ज्या घोळक्यात सुरुवातीला एकालाही बरोबर उत्तर येत नव्हतं, त्यातलीसुद्धा.

पुढे असंही आढळलं, की पहिल्या मताचा आलेख चर्चेआधी दाखवला तर मुलं सर्वांत उंच खांबाकडे वळतात, तो चुकीचा असला तरी. म्हणून ही पद्धत मनापासून वापरणारे शिक्षक दुसरं मत पडेपर्यंत तो आलेख पडद्यावर येऊ देत नाहीत.