क्रेडिट की डेबिट? मोबाईलवर गोंधळात टाकणारी इंग्रजी क्रियापदं, जाणून घ्या फरक

बँकेचा मेसेज आला की आपण आधी आकडा बघतो. पण पैसे आले की गेले, हे आकडा सांगत नाही, शेजारचं क्रियापद सांगतं. मराठीत 'उसने घेतले' आणि 'उसने दिले' यात 'उसने' तोच राहतो. इंग्रजीत मात्र अख्खा शब्दच बदलतो, आणि घोळ तिथंच होतो. या पाच जोड्या लक्षात ठेवा.

१) क्रेडिटेड – डेबिटेड : क्रेडिटेड म्हणजे खात्यात जमा झाले, डेबिटेड म्हणजे खात्यातून वजा झाले. दुधाचं बिल क्रेडिट होतं, कर्जाचा हप्ता डेबिट होतो.

२) बॉरो – लेंड : बॉरो म्हणजे उसने किंवा कर्जाऊ घेणे, लेंड म्हणजे देणे. कर्जाच्या कागदावर 'बॉरोअर' म्हणजे कर्जदार, 'लेंडर' म्हणजे कर्ज देणारी बँक. जामीनदाराला 'गॅरंटर' म्हणतात. जामीन राहायला गेलात आणि नाव बॉरोअरखाली लागलं, तर कर्जदार तुम्हीच! सही करण्याआधी हे तपासा.

३) सेव्ह – सबमिट : ऑनलाइन अर्ज भरताना सेव्ह केला म्हणजे माहिती फक्त जतन झाली. अर्ज दाखल होतो तो सबमिट केल्यावर. शेवटच्या तारखेला नुसतं सेव्ह करून उठलात तर अर्ज राहूनच जाईल. सबमिट झाल्यावर अर्ज क्रमांक लिहून ठेवा.

४) सँक्शन – डिस्बर्स : कर्ज सँक्शन झालं म्हणजे मंजूर झालं, डिस्बर्स झालं म्हणजे रक्कम प्रत्यक्ष दिली गेली. नुसत्या मंजुरीवर कुणाला पैशाचा वायदा करू नका.

५) रिसीव्ह – रिक्वेस्ट : रिसीव्ह म्हणजे मिळणे, रिक्वेस्ट म्हणजे मागणे. यूपीआयवर रिक्वेस्ट आली तर ती पैसे देण्याची नसते, तुमच्याकडे पैसे मागण्याची असते. तिथं पिन टाकला की पैसे तुमच्या खात्यातून जातात. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही.

फसवणूक झालीच तर वेळ न घालवता 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन करा आणि आपल्या बँकेलाही कळवा.

आणि शब्द अडला तर अंदाजानं बटण दाबू नका. घरातल्या शिकत्या पोरा-पोरीला विचारा. विचारायला लाज कसली? पैसा आपल्या घामाचा आहे.