पंचरंगी सामने (मुंबई)

पंचरंगी सामने ही प्रामुख्याने मुंबईत, धर्म व समाज यांच्या आधारे निवडलेल्या संघांमध्ये खेळली जाणारी प्रथम श्रेणीची क्रिकेट स्पर्धा होती.

नामांतरे : १८९२ पासून युरोपीय व पारशी संघ 'प्रेसिडेन्सी सामने' खेळत. हिंदू संघाच्या प्रवेशाने १९०७ मध्ये हे सामने 'तिरंगी', मुस्लिम संघाच्या प्रवेशाने १९१२ मध्ये 'चौरंगी' आणि भारतीय ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन आदींच्या 'इतर' संघामुळे १९३७ मध्ये 'पंचरंगी' झाले. प्रत्येक वेळी जुने संघ व संघनिवडीचे तत्त्व कायम राहिले; म्हणून नाव बदलताच आधीची स्पर्धा संपुष्टात आली, असे मानता येत नाही.

खंड : सविनय कायदेभंगाच्या चळवळीमुळे १९३० ते १९३३ या काळात सामने झाले नाहीत. १९३४ मध्ये ते पुन्हा सुरू झाले. त्यामुळे हा खंड ठरतो, समाप्ती नव्हे.

समाप्ती : दलित समाजातील विठ्ठल पळवणकर यांनी १९२३ मध्ये हिंदू संघाचे नेतृत्व केले; परंतु संघांची धार्मिक विभागणी तशीच राहिली. डिसेंबर १९४० मध्ये महात्मा गांधींनी तिला जाहीर विरोध दर्शविला. १९४५-४६ च्या हंगामानंतर हे सामने झाले नाहीत. प्रांतवार संघांची रणजी करंडक स्पर्धा १९३४ पासून यांच्या बरोबरीनेच चालू असल्याने ती यांचे नवे नाव ठरत नाही. धर्मनिहाय संघ व सामने दोन्ही कायमचे थांबले, तोच हंगाम स्पर्धेचा शेवट होय.